कानाचं खरं मानायचं का मीटरचं? वाचकांचे प्रश्न

या खेपेला आवाजाचेच प्रश्न लय आले, कोणाचा अ‍ॅम्प, कोणाची वायर, कोणाचा मोबाईल. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत, म्हणून तो आधी वाचा.

प्रश्न : भाऊ, मी नवीन स्टिरिओ अ‍ॅम्प घेतला. जुन्यापेक्षा गाणं मोकळं वाटते, तबला सुटा सुटा ऐकू येते. माझा साळा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला आहे, तो म्हणते दोन्ही अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन (मूळ आवाजात अ‍ॅम्पनं केलेली भेसळ) ०.०५ टक्क्याच्या खाली आहे, फरक असूच शकत नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत. मी म्हणतो मीटरले कान असतात का? कापसाचा ओलावा मीटरनं पाहतात ते ठीक, पण गाणं म्हणजे काय कापूस आहे? खरं कोणाचं? (एक शेतकरी वाचक, तालुका दर्यापूर)

उत्तर : भाऊ, साळा एक आकडा धरून बसला, तुम्ही एक अनुभव धरून बसले, अन् तपासणी दोघांपैकी कोणीच केली नाही. तुमचे कान चांगलेच असतील, पण नुसत्या कानानं तुम्ही अजून ऐकलंच नाही ना. नवा अ‍ॅम्प चालू आहे हे माहीत होतं, पैसे मोजून आणला होता, समोर त्याची निळी लाईट चमकून राहिली होती, एवढं सगळं डोक्यात असताना जे ऐकू येते त्यात कानाचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती हे तुम्हालाही सांगता येणार नाही अन् मलाही.

त्याहून मोठी भानगड म्हणजे आवाजाची पातळी. दोन्ही अ‍ॅम्पचं बटन अर्ध्यावर ठेवलं म्हणजे आवाज सारखा झाला असं नसते, प्रत्येकाचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो ते, वेगळा असते, आणि फरक जर एक डेसिबलच्या आतला असला तर माणसाला "हा जोरात वाजून राहिला" असं वाटतच नाही, त्याला वाटते हा मोकळा आहे, भरीव आहे, तबला सुटा आहे. म्हणजे तुम्ही जे शब्द लिहिले अगदी तेच. याचं एक कारण कानाच्या घडणीतच आहे, हळू आवाजात आपला कान खालचे सूर कमी पकडतो आणि आवाज वाढला की तेच सूर जास्त वर येतात, अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवले. त्यामुळे पातळी सारखी न करता केलेली तुलना, मग ती कितीही जाणकार माणसानं केलेली असो, मी तरी धरत नाही.

आता घरी कसं करायचं ते सांगतो. साळ्याला कामाला लावा, मल्टिमीटर त्याच्याकडे असेलच. मोबाईलवरून २०० हर्ट्झचा सलग टोन वाजवा (साध्या मल्टिमीटरला फार वरची फ्रिक्वेन्सी नीट मोजता येत नाही म्हणून २००), मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलवर लावा, एका अ‍ॅम्पवर २ व्होल्ट येऊ द्या आणि दुसऱ्याचं बटन हळूहळू फिरवून तोही २ व्होल्टवर आणा. २.०० आणि २.०२ म्हणजे डेसिबलचा दहावा भागही नाही, तेवढं चालते. २.०० आणि २.२४ म्हणजे एक डेसिबल, ते नाही चालत. प्रोब लावताना दोन्ही टर्मिनल एकमेकाला टेकू देऊ नका, आणि दोन अ‍ॅम्पचे आउटपुट एकत्र जोडायचे तर अजिबातच नाही, एखादा तरी जाईल. वायर बदलायची ती एक काढून मग दुसरी लावून.

मग मधे चादर टांगा. पोराला चादरीमागे बसवा, त्यानं नाणं उडवून ठरवायचं कोणता अ‍ॅम्प लावायचा ते, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, वायर दर वेळी काढून लावायची, अ‍ॅम्प तोच राहिला तरी, नाहीतर खटपटीच्या आवाजावरून तुम्ही ओळखाल. तुम्ही फक्त लिहायचं, नवा का जुना. दहा वेळा करा. दहापैकी सात बरोबर आले की लोक उड्या मारतात, पण नुसत्या अंदाजानं सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता १७ टक्के आहे, म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. नऊ किंवा दहा आले तर ती शक्यता एक टक्क्याच्या आसपास उतरते, मग साळ्यानं गुपचूप मान्य करावं. दम असेल तर सोळा वेळा करा, बारा बरोबर आले तरी पुरे, अंदाजानं तसं व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे.

हे काही मी घरात बसून काढलेलं नाही. अशा आंधळ्या चाचणीची पद्धत बेल लॅबमधल्याच दोघांनी १९५० मध्ये मांडली होती आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी त्यासाठी स्विचचा डबा वापरायची रीत छापली, तिला एबीएक्स म्हणतात. आणि पाहून ऐकलं तर काय होते याचा सगळ्यात मजेदार पुरावा १९९४ चा आहे. हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस लोकांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्यामागून आणि एकदा समोर ठेवून. लोक तेच, स्पीकर तेच. समोर दिसल्याबरोबर मोठ्या दिमाखदार स्पीकरचे मार्क वाढले आणि लहान स्वस्त सेटचे उतरले, आणि हे चाळीस जण बाहेरचे कोणी नव्हते बाप्पा, आवाजाच्याच कंपनीतले कर्मचारी होते. तेव्हा "मले बरोबर समजते" हे कोणीच छातीठोक सांगू नये.

पण थांबा, साळ्यानं इतक्यात पेढे वाटू नयेत. त्याचं ०.०५ हे एक सरासरी पोतं आहे, त्यात कोणतं डिस्टॉर्शन किती ते दिसत नाही. तो आकडा बहुतेक वेळा १००० हर्ट्झवर आणि भरपूर आवाजात मोजलेला असते. आपण घरी ऐकतो एखाद्या वॅटवर. काही अ‍ॅम्पमध्ये खरी खोट हळू आवाजातच असते, लाट वरून खाली जाताना मधोमध जिथं एक ट्रान्झिस्टर सोडतो आणि दुसरा धरतो तिथं तुटते, त्याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात, आणि ते कानाला फार टोचते कारण त्यातून वरवरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले जास्तीचे सूर) निघतात. दुसरा हार्मोनिक मूळ सुराच्या आडोशाला झाकला जातो, सातवा नववा झाकला जात नाही. म्हणजे एक टक्का डिस्टॉर्शन एका अ‍ॅम्पचं गोड लागू शकते आणि दुसऱ्याचं त्याच्या कितीतरी कमी असूनही करकरते. १९७० च्या दशकात कंपन्यांची शून्यांची शर्यतच लागली होती, पॉइंटनंतर किती शून्य ते दाखवायची, आणि तरी काही अ‍ॅम्प कर्कश वाजत. फिनलंडचे मट्टी ओटाला यांनी त्याच काळात सांगितलं की झपाट्यानं बदलणाऱ्या सिग्नलवर वेगळंच डिस्टॉर्शन होते आणि स्थिर टोनच्या मोजणीत ते दिसत नाही. त्यांच्या म्हणण्यावर पुढे बराच वाद झाला, पण ओटालांनीही उत्तर शोधलं ते मोजूनच, नव्या पद्धतीनं मोजून.

जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचंही असंच, त्याचा आउटपुट इम्पिडन्स (अ‍ॅम्पचा आतला अडथळा) जास्त असते आणि आठ ओहम लिहिलेला स्पीकर प्रत्यक्षात कुठं सहा तर कुठं तीस ओहम भरतो, त्यामुळे काही सूर एखाद-दोन डेसिबलनं वर येतात काही खाली जातात. हा फरक कानालाही कळते आणि मीटरलाही, त्यात गूढ काही नाही. आवडत असेल तर खुशाल ऐका, आवडीला पावती लागत नाही.

राहिला कापूस. तुम्ही ते टोमणा म्हणून लिहिलं पण मुद्दा त्यातच सापडते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांत पाहतात, मीटर लावला की आकडा येते. पण तो मीटर बरोबर आहे हे कशावरून ठरलं? कापूस तोलायचा, भट्टीत वाळवायचा, परत तोलायचा, जेवढं वजन गेलं तेवढं पाणी, त्यावरून मीटर लावून घेतात. मीटरची पत भट्टीतून आली. आवाजात ही भट्टी म्हणजे न पाहता ऐकणं. टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये वर्षानुवर्षं आधी लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले आणि मग कोणत्या मोजणीचा त्या पसंतीशी मेळ बसतो ते शोधलं. पुढे ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरवर नुसत्या मोजमापावरून लोकांच्या पसंतीचा अंदाज बांधला आणि तो ०.८६ इतका जुळला, १ म्हणजे तंतोतंत. म्हणून कान विरुद्ध मीटर हे भांडणच मला पटत नाही. खरा फरक पाहून ऐकणं आणि न पाहता ऐकणं यांच्यात आहे, मीटर तर न पाहता ऐकण्याचाच चेला आहे.

आणि तुमच्या अ‍ॅम्पचं विचाराल तर माझी पैज साळ्याच्या बाजूनं. दोन्ही धडके असतील, दोन्ही त्यांच्या ताकदीच्या आत वाजत असतील आणि पातळी सारखी असेल तर चादरीमागून ओळखणं लय कठीण जाईल. स्पीकर बदलला तर मात्र पहिल्याच सुरात ओळखाल.

प्रश्न : आमच्या महिला भजनी मंडळासाठी अ‍ॅम्प आणि दोन बॉक्स घ्यायचे आहेत. दुकानदारानं दोन सेट वाजवून दाखवले, महागाचा सगळ्यांना पसंत पडला. पण मंडळाच्या खजिनदार म्हणतात की त्यानं मुद्दाम तो जोरात वाजवला. ओळखायचं कसं? (एक ताई, आर्वी)

उत्तर : ताई, तुमच्या खजिनदारबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी शंका घेतली ती अगदी योग्य जागी. परत जा, पण दुकानदारानं निवडलेलं गाणं ऐकू नका, तुमच्यातल्याच एकीला माईकवर गायला लावा, बरोबर खंजिरी आणि पेटी घेऊन जा, कारण तुमच्या कामाचा आवाज तोच आहे आणि खंजिरीचा खणका वाईट बॉक्स लगेच उघडा पाडतो. बाकीच्यांनी बॉक्सकडे पाठ करून उभं राहायचं. व्हॉल्यूम तुमच्यातल्या एकीनं लावायचा, दोन्ही सेट सारखे वाटेपर्यंत, आणि मोबाईलचं आवाज मोजायचं अ‍ॅप एकाच जागी धरून खात्री करायची. मग दुकानदाराला सांगा, अदलाबदल कर पण बोलू नको. प्रत्येकीनं आपापल्या कागदावर लिहायचं, एकमेकीत कुजबुज नाही, नाहीतर जिचा आवाज मोठा तिचंच मत सगळ्यांचं होते.

माईक वाढवत नेऊन शिट्टी कोणत्या सेटवर आधी येते तेही पाहा, मंदिराच्या सभामंडपात तुम्हाला त्याचाच जास्त त्रास होईल. पाठ फिरवून जर अर्ध्या बायांनी स्वस्त सेट निवडला तर उरलेल्या पैशात एक चांगला माईक घ्या.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड लावतो. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र काम. एक जण सांगून राहिला की स्पीकरला ऑक्सिजन-फ्री महागडी वायर टाक, आवाज साफ होईल. मीटरवर फरक दिसते का, कानाला कळते का? (साउंडवाला, देसाईगंज)

उत्तर : नावाच्या वायरनं नाही, जाड वायरनं फरक पडते, आणि तो आधी कागदावरच दिसते. समजा अ‍ॅम्पपासून बॉक्स ३० मीटरवर आहे. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. दीड एमएमच्या वायरचा रेझिस्टन्स ०.७ ओहमच्या थोडा वर भरते. आठ ओहमचा एक बॉक्स असेल तर पाऊण डेसिबल गेलं, त्याच वायरवर दोन बॉक्स पॅरलल लावून चार ओहम केले तर जवळपास दीड डेसिबल, म्हणजे शंभर वॅटमधले सत्तरच्या आसपासच पोचले. चार एमएमची वायर टाकली तर तेच नुकसान अर्ध्या डेसिबलच्या थोडं वर येऊन थांबते. एवढंच तिचं शास्त्र. घरात दोन-तीन मीटरवर तर साधी दीड एमएमची वायर पुरून उरते. फसवणूक होते ती दुसरीकडे, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकतात. ब्लेडनं तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट धरा.

मात्र तुमच्या धंद्यात मी वायरच्या आधी मीटर प्लगमध्ये घालीन. शेतात मंडप, लांबून ओढलेली लाईन, त्यावरच स्टेजचे हॅलोजन, मग रात्री २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पची ताकद साठ टक्क्यांवर येते. ऑपरेटरला कळते की आवाज कमी पडून राहिला, तो बटन वाढवतो, अ‍ॅम्प लाटेची टोकं छाटायला लागतो, नटाचा आवाज फाटतो आणि ट्विटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) जळतात. मग दोष दिला जातो वायरला. व्होल्टेज रिकाम्या मंडपात दुपारी मोजू नका, सगळे लाईट चालू असताना मोजा.

प्रश्न : वय ६८. निवृत्त शिक्षक. शास्त्रीय संगीत ऐकतो. माझ्या कानावर मी आता भरवसा ठेवावा काय? (ब्रह्मपुरी)

उत्तर : गुरुजी, संगीतासाठी ठेवा, मशीन पारखायला एकट्याच्या कानावर ठेवू नका. वयानं वरचे सूर आधी जातात, साठीनंतर बऱ्याच जणांना १२,००० हर्ट्झच्या वरचं फारसं येत नाही. गाणाऱ्याचा सूर, पेटी, तंबोरा यांचा मुख्य भाग त्याच्या बराच खाली असते म्हणून मैफल तुम्हाला पूर्ण मिळते. पण टूल यांच्या चाचण्यांत ऐकू कमी येणाऱ्यांची मतं दर वेळी बदलत असं दिसलं, आज एक स्पीकर चांगला तर उद्या दुसरा. नातवाला शेजारी बसवा. आणि एकदा कानाच्या डॉक्टरकडून ऑडिओग्राम काढून घ्या, हे मोजणं अ‍ॅम्पच्या मोजण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : मोबाईलच्या अ‍ॅपवर डीजेचा आवाज मोजला. बेसनं घराची टिनं थडथड करून राहिली होती पण आकडा मात्र वाटला तेवढा आलाच नाही. अ‍ॅप खोटं का? घरातल्या स्पीकरसाठी ते वापरता येते का? (कॉलेजचा विद्यार्थी, वणी)

उत्तर : अ‍ॅप खोटं नाही, तू विचारलं एक आणि त्यानं मोजलं दुसरं. बहुतेक अ‍ॅप डीबी-ए मध्ये आकडा दाखवतात. त्या ए मध्ये हळू आवाज ऐकणाऱ्या कानासारखी गाळणी असते, ती १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबलनं आणि ५० हर्ट्झचा तब्बल ३० डेसिबलनं कमी मोजते. म्हणजे डीजेचा जो भाग छाती हलवते तोच गाळून टाकला. सेटिंगमध्ये सी किंवा झेड (बेस फार कमी गाळणारी किंवा अजिबात न गाळणारी मोजणी) निवडून पाहा, आकडा उडी मारेल. वरून फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला, फार मोठ्या आवाजात तो स्वतःच बसतो. आणि कायदाही डीबी-ए मध्येच बोलतो, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ अशी मर्यादा आहे, त्यामुळे तक्रार करायची असेल तर ए चाच आकडा लागते. बेसवर नियमांचं लक्ष कमी आहे असं माझं मत, पण ते असो.

घरात मात्र फोन कामाचा आहे. त्याचा आकडा खरा किती हे सोड, त्याच फोननं दोन जागांचा फरक पाहायचा. ११ फुटी खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींत अडकते, भिंतीजवळ ढोल वाजते आणि मधोमध बसलं की बेस गायब. ५० चा टोन लाव आणि फोन घेऊन हळूहळू खोलीभर फिर, दहा डेसिबलचा चढउतार सहज दिसेल. इतका मोठा फरक कोणत्याही दोन बऱ्या अ‍ॅम्पमध्ये सापडणार नाही. खुर्ची दोन फूट सरकवायला पैसे पडत नाहीत. कम्प्युटर असेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते पूर्ण आलेख काढून देते.

प्रश्न : सीडीपेक्षा हाय-रेझ (सीडीहून जास्त बारकाईनं नोंदलेली) फाईल चांगली असते म्हणतात. ऐकू येते का? (अचलपूर)

उत्तर : बॉस्टनकडचे मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये हाय-रेझ रेकॉर्डिंगच्या मधे सीडीच्या दर्जाची गाळणी घालून लोकांना ओळखायला लावलं, ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. नंतर २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिले तर ५२.३ टक्के निघाले, फरक आहे पण केसाएवढा. रेकॉर्डिंग चांगलं झालेलं शोधा, फाईलचा आकार पाहू नका.

प्रश्न : बाजारात ५००० वॅट पीएमपीओ लिहिलेला स्पीकर स्वस्तात मिळून राहिला. गावच्या गणपतीला चालेल का? (दारव्हा)

उत्तर : हे तपासायला कानही नको अन् मीटरही नको, चष्मा लावा. स्पीकरबरोबर आलेल्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेलं वाचा. १२ व्होल्ट २ अँपिअर असेल तर त्याच्यातून निघून निघून २४ वॅट निघतात, ५००० कुठून येतील. पीएमपीओचा कोणताच ठरलेला नियम नाही, ज्याला जे वाटते ते छापतो. आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद, विचारा, आणि बॉक्सच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये बॉक्स किती जोरात वाजतो ते) किती डेसिबल लिहिली आहे ते पाहा, कारण तीन डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा बॉक्स अर्ध्या वॅटमध्ये तेवढंच वाजते. मंडपासाठी तो स्पीकर घेऊ नका. घरी पोट्ट्यांना गाणे ऐकायला घ्यायचा असेल तर घ्या, पण घ्यायच्या आधी पूर्ण आवाजात दोन मिनिटं वाजवून घ्या.